काजळ्याची झेप

पाणपक्ष्यांचे फोटो काढणाऱ्यांच्या मंडळात बाईंना सगळे काजळबाई म्हणत. पाठीमागे नव्हे, चांगलं तोंडावर. "काय काजळबाई, आज किती दिसले?" असं कुणीतरी विचारायचं आणि बाकीचे चहाच्या कपात तोंड घालून हसायचे. बाईंनी जन्मात डोळ्यांत काजळ घातलं नव्हतं. त्यांचा गुन्हा एवढाच की दहा वर्षांपूर्वी एका सकाळी मोठ्या तळ्यावर त्यांनी काजळ्या पाहिला होता, आणि पाहिला म्हणून सांगितलं होतं.

काजळ्या हे एक रानबदक. अंगाने राखी, चोच निळसर, आणि डोळ्याभोवती अशी काळीभोर रेघ की कुणीतरी निवांत बसून काढली असावी. या भागात तो पूर्वी थव्याने यायचा. मग तळी बुजत गेली, बंदुका वाढल्या आणि काजळ्या गेला तो गेलाच. मंडळातल्या म्हाताऱ्या माणसांनीही तो फक्त पेंढा भरून काचेच्या कपाटात ठेवलेला पाहिला होता. आणि बाईंना तो चक्क लव्हाळ्याच्या कडेने पोहताना दिसला. कॅमेरा पिशवीतून बाहेर येईपर्यंत तो उडालाही. फोटोत काय आलं, तर धुकं आणि धुक्यात एक काळपट रेघ.

मंडळाचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर होते. माणूस वाईट नव्हता, पण आयुष्यभर लोकांना 'आ करा' म्हणून गप्प बसवायची सवय लागलेली. त्यांनी तो फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला. म्हणाले, "बाई, ही रेघ म्हणजे उडता काजळ्या असं तुमचं म्हणणं. मला तर हा माझ्या चष्म्यावरचा ओरखडा वाटतो." लोक हसले. तेवढ्यावर थांबले असते तरी बाईंनी गिळलं असतं. पण डॉक्टर पुढे म्हणाले, "तुमचे बंधू शोभेची बदकं पाळतात ना? त्यांचंच एखादं सुटलं असेल."

हे बाईंना लागलं ते कायमचं लागलं. ज्याला या नादाची माहिती नाही त्याला यात एवढं काय, असं वाटेल. पण रानपक्ष्यांचे फोटो काढणाऱ्याने हौदातलं पाळीव बदक रानातलं म्हणून दाखवावं, यापेक्षा मोठी नाचक्की या लोकांत दुसरी नाही. म्हणून तर मंडळाचा नियम होता की, दुर्मीळ पक्ष्याचा फोटो आणलात तर पाय आणि पंख दाखवा. शोभेच्या बदकाच्या पायात कडी असते, आणि पिल्लू असतानाच त्याच्या एका पंखाचं शेवटचं पेर छाटलेलं असतं. पिसं कापली तर ती पुन्हा उगवतात, पेर उगवत नाही. जन्मभर उडण्याची भानगडच मिटते. पंख मिटलेला असला तर कुणाच्या बापाला कळत नाही, उघडला की कळतं.

बाईंचं पासपोर्ट फोटोंचं दुकान होतं आणि वरच्या खोलीत बिऱ्हाड. बिऱ्हाड म्हणजे एकट्या बाई. दिवसभर लोकांना "हनुवटी वर, हसू नका" असं सांगायचं आणि हिवाळा आला की रोज पहाटे तळं गाठायचं. चिखलात पालथं पडून, अंगावर मातकट कापड ओढून, तास न् तास. दहा हिवाळे असे गेले. फोटोत थापट्या बदकं मिळाली, तलवार बदकं मिळाली, एकदा सर्दी छातीत उतरली तीही मिळाली. काजळ्या काही मिळाला नाही. दुसरी कुणी असती तर कानाला खडा लावून घरी बसली असती. बाईंचा स्वभाव तसा नव्हता. खोटारडी म्हटलेलं त्यांना झोपेतही आठवायचं.

त्यांच्या बाजूने उभं राहणारं जगात एकच माणूस होतं, त्यांचा धाकटा भाऊ. पन्नाशी उलटली, ढेरी सुटली, तरी बाईंना तो छोटूच. शहराबाहेर त्याची मोकळी जागा होती. तिथे तारेचं कुंपण घालून, तळं खोदून तो शोभेची बदकं वाढवायचा आणि हॉटेलवाल्यांना, बंगलेवाल्यांना विकायचा. मँडरिन बदकं, काळे हंस, पांढरी शेंडीवाली बदकं. बाईंना ती नटवी पाखरं बघवत नसत. "तुझी बदकं नाहीत रे, खेळणी आहेत," असं त्या म्हणायच्या आणि छोटू हसून सोडून द्यायचा. जीव मात्र बहिणीवर असा की विचारू नका. आई-वडील लवकर गेल्यावर ताईनेच त्याला वाढवलं होतं, आणि ते ऋण फेडायची त्याला कायम घाई. त्यात हा गडी असा की झाडाला पाणी घालायला सांगावं तर झाड कुजेपर्यंत घालणार.

त्या दिवशी दुकानात एक गृहस्थ हनुवटी वर करून बसले होते आणि बाईंचा फोन वाजला.

"ताई, तुझा काजळ्या आलाय."

"छोटू, मला काम आहे. थट्टा नंतर कर."

"थट्टा नाही गं. माझ्या तळ्यात आहे. डोळ्याभोवती रेघ, निळी चोच, सगळं तू सांगितलंस तसं. खात्री करून फोन केलाय. आणि हे बघ, धावतपळत येऊ नकोस. जेवूनखाऊन सावकाश ये. तो कुठे जात नाही."

बाई कुठल्या जेवतात! गृहस्थांना तसंच हनुवटीसकट बाहेर काढून त्यांनी शटर ओढलं. 'कुठे जात नाही' हे शब्द कानात शिरले होते, डोक्यात शिरले नव्हते. रानपक्ष्याबद्दल असं कुणी बोलतं का, एवढं तरी सुचायला हवं होतं. पण आनंदात माणसाची अक्कल गहाण पडते ती अशी.

छोटूने सगळी तयारी करून ठेवली होती. तळ्याच्या काठाला खोके रचून आडोसा केला होता, बसायला पोतं, पोत्यावर उशीसुद्धा. बाईंनी लेन्स फटीतून बाहेर काढली आणि बघितलं. काजळ्या समोर होता. हाकेच्या अंतरावर. काळ्या हंसांच्या मागून शांतपणे पोहत येत होता. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्यांना स्वतःचा राग आला, कारण डोळे भरून आले होते आणि फोकस दिसत नव्हता. त्यांनी डोळे पुसले, शिवी हासडली आणि कामाला लागल्या.

डावीकडून घेतला. उजवीकडून घेतला. चोच पाण्यात बुडवताना, मान वळवताना. पाय दिसला, कडी नव्हती. बाई मनात डॉक्टरांशी बोलत होत्या, "घ्या, हा पाय. आता पंख देते, जरा दम धरा." काजळ्याने पाण्यात डोकं खुपसून अंघोळ सुरू केली, तेव्हा त्यांनी बटणावर बोट ठेवलं. अंघोळ झाली की बदक पाण्यावर ताठ उभं राहतं आणि दोन्ही पंख फडफडवून अंग झटकतं. कुठलंही बदक घ्या, हे केल्याशिवाय राहत नाही. काजळ्याही उभा राहिला. उजवा पंख उघडला, लांबलचक, एकेक पीस मोजून घ्यावं असा. डावा उघडला तो मध्येच संपला.

बाईंना आधी वाटलं ते वेगळंच. वाटलं, म्हणजे डॉक्टर खरं बोलत होते. हा हौदातलाच कुणीतरी, आणि दहा वर्षांपूर्वीचाही असाच असणार. मग त्यांनी कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो मोठा करून पाहिला. पिल्लूपणी कापलेलं पेर त्यांनी भावाच्या बदकांत शंभरदा पाहिलं होतं, तिथे पिसं नीट बसलेली असतात. इथे पिसं नव्हती, गुलाबी कातडी होती आणि तिच्यावर टाक्यांच्या खुणा.

छोटू चहाचा मग घेऊन मागे उभाच होता. "आला का चांगला?"

"कधी कापलंस?"

"दिसलं होय?" त्याचा चेहरा जरासा उतरला. "पोहताना तर काहीच कळत नाही."

"कधी कापलंस, विचारतेय मी!"

"झाला महिना. जखम भरेपर्यंत तुला बोलावलं नाही. फोटोत रक्त आलं असतं ना. आणि बघ, पायात कडीसुद्धा घातली नाही. म्हटलं, ताईच्या फोटोत वाईट दिसेल."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी त्यांनी आवाज दाबून विचारलं, "पकडायच्या आधी किती दिवस येत होता तो इथे?"

"आठवडाभर यायचा की. रोज सकाळी. माझ्या बदकांबरोबर दाणे खायचा, ऊन तापलं की उडून जायचा."

"आठवडाभर रोज येत होता? उडत येत होता, उडत जात होता? आणि तू मला एक फोन केला नाहीस?"

"तूच म्हणालीस ना." छोटू आता खरोखरच गोंधळला होता. "मागे मी दोनदा बोलावलं, तू आलीस आणि पाखरं उडून गेली होती. दुसऱ्यांदा तू केवढी तडकलीस माझ्यावर. म्हणालीस, खात्री असल्याशिवाय फोन करायचा नाही, मी काय रिकामटेकडी आहे? मग मी खात्री केली. दाण्याच्या पिंजऱ्यात धरलं आणि पक्की खात्री केली. आता तो जाणार नाही, ताई. तू रोज ये, हवे तेवढे फोटो काढ."

बाईंनी बोलायचं ते सगळं बोलून घेतलं. गाढव म्हणाल्या, कसाई म्हणाल्या, तुझ्या हातात कात्री देणाऱ्याचे हात झडोत असंही म्हणाल्या, आणि कात्री आपणच त्याला धंदा सुरू करताना घेऊन दिली होती हे आठवून आणखी चिडल्या. या भागातला कदाचित शेवटचा काजळ्या, आणि तो आपल्या भावाने कापला. आपल्यासाठी कापला. छोटू चहाचा मग हातात धरून ऐकत होता. शेवटी एवढंच म्हणाला, "तुला लोक खोटारडी म्हणतात, ते मला बघवत नाही गं. तू पाहिला म्हणालीस तेव्हा मी लगेच मानलं होतं. मी नाही मागितला पुरावा."

त्या तशाच निघाल्या. फाटकाशी तो मागे धावत आला. "ताई, एक करू या का? मोठ्या तळ्यावर नेऊन सोडू. चांगल्या पंखाच्या बाजूने फोटो काढ. मग मी परत धरून आणतो."

"थोबाड बंद कर," बाई म्हणाल्या.

सरळ खरं सांगून टाकावं, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं. पण सांगायचं काय? रानातलं पाखरू माझ्या भावाने पकडून त्याचं पेर छाटलं, असं सांगितलं तर भाऊ तुरुंगात. आणि एवढं करून मानलं कुणी असतं? शोभेची बदकं विकणाऱ्याच्या तळ्यातलं पेर छाटलेलं बदक! डॉक्टरांना तर आयतं कोलीत मिळालं असतं. म्हणजे खरं बोलून भावालाही बुडवायचं आणि आपणही खोटं ठरायचं. इकडे आड, तिकडे विहीर. बाईंनी तोंडाला कुलूप घातलं.

ते उघडलं मंडळाच्या बैठकीत. या भागातल्या पाणपक्ष्यांवर मंडळ एक मोठं सचित्र पुस्तक काढत होतं आणि छपाईला जायच्या आधी डॉक्टर एकेक पान सगळ्यांना दाखवत होते. काजळ्याचं पान आलं. फोटोच्या जागी काचेच्या कपाटातला पेंढ्याचा काजळ्या, आणि खाली मजकूर, 'आता येथे आढळत नाही. अलीकडची एकमेव नोंद संशयास्पद.' बाईंचं नाव घातलं नव्हतं. तेवढी सभ्यता दाखवली होती. पण सगळ्यांनी वळून त्यांच्याकडेच पाहिलं.

"समजा," बाई म्हणाल्या, "समजा, काजळ्या पुन्हा कुणाला दिसला तर?"

"कुठे? बंधुराजांच्या हौदात?" डॉक्टर म्हणाले. हसले सगळे. अगदी पोटभर हसले. "बाई, रागावू नका. पण पुस्तक छापलं की पन्नास वर्षं राहतं. दिसला असेल तर आठवड्याच्या आत फोटो आणा. मी स्वतः पान बदलतो."

घरी येईपर्यंत बाईंनी मनाची समजूत घातली होती. माणूस स्वतःची समजूत घालायला बसला की त्याच्याइतका हुशार वकील कुणी नाही. काजळ्या आहे ना? आहे. रानातला आहे ना? आहे. उडत आला होता ना? आला होता. मग फोटोत खोटं ते काय? जागा तेवढी बदलायची. खोटं असलंच तर एका पेराएवढं. त्यांनी फोन लावला.

"छोटू, पिंजरा घेऊन ये. उद्या पहाटे."

"आलो," तो म्हणाला. त्याच्या आवाजातला आनंद ऐकून बाईंना त्याला बदडावंसं वाटलं.

मोठ्या तळ्यावर अजून धुकं होतं. बाई काठाच्या चिखलात कापडाखाली पालथ्या पडल्या. छोटूने लव्हाळ्यात पिंजरा टेकवला आणि दार उघडलं. काजळ्या क्षणभर आतच थांबला. मग पाण्यात उतरला आणि सरळ रानबदकांच्या थव्याकडे पोहत सुटला. तो ज्या वेगाने गेला ते पाहून बाईंना कसंतरीच झालं. थापट्यांच्या गर्दीत शिरला, गोल फिरला, पाण्यात चोच घातली. त्याला वाटत असावं की सुटलो. बाई फोटो काढत राहिल्या. उजवी बाजू, लव्हाळं, मागे रानातली बदकं. सगळं अस्सल होतं.

तेवढ्यात धुक्यातून ससाणा आला. खाली उतरलासुद्धा नाही, नुसता वरून गेला. पण सगळं तळं एकदम उठलं. शेकडो पंखांचा आवाज झाला आणि थवा वर गेला, आणि थव्याबरोबर काजळ्याही निघाला. पाण्यावरून धावायला लागला, मान पुढे ताणून, पायांनी पाणी मारत, उजवा पंख पूर्ण पसरून. बाईंचं बोट बटणावर होतं. त्यांनी काही ठरवलं नव्हतं, तीस वर्षांची सवय होती, बोट दाबलंच गेलं. कॅमेरा टकटकत राहिला. काजळ्या उठला. पाण्यापासून हातभर वर आला. बाईंना त्या क्षणी खरंच वाटलं की आता हा उडतोय, आणि त्यांच्या तोंडून "जा रे!" असं बाहेर पडलं. मग तो डावीकडे कलला आणि पाण्यात आपटला.

पुन्हा धावला. पुन्हा आपटला. थवा वर दोन घिरट्या घालून पलीकडे निघून गेला. मग काजळ्याने धावणं सोडलं आणि रिकाम्या तळ्याच्या मध्यभागी जाऊन बसला.

छोटू कपड्यांनिशी पाण्यात उतरला. कमरेपर्यंत, मग छातीपर्यंत. दाणे टाकताना आपल्या बदकांना द्यायचा तसा आवाज देत, चुचकारत. तो जेवढा पुढे जाई तेवढा काजळ्या लांब सरके. बरोबरच आहे, त्या हातांना तो ओळखत होता. दुपारपर्यंत दोघं काठावर बसली होती. छोटू थंडीने कुडकुडत म्हणाला, "उद्या येतो मी दाणे घेऊन. भूक लागली की येईल." बाई कॅमेरा पिशवीत भरत होत्या. त्यांना घरी जायचं होतं. खरं सांगायचं तर त्यांना फोटो बघायचे होते.

फोटो जबर आला होता. त्यात शंका नव्हती. बाईंनी आयुष्यात काढलेल्या सगळ्या फोटोंत असा एकही नव्हता. काजळ्या पाण्याच्या हातभर वर, पायांखाली पाण्याचे थेंब, कडी नसलेले दोन्ही पाय स्पष्ट, डोळ्याभोवतीची रेघ स्पष्ट, आणि उजवा पंख असा उलगडलेला की सगळी पिसं दिसावीत. डावा पंख अंगाआड. उडण्याच्या ऐन क्षणी टिपलेलं पाखरू, असंच कुणीही म्हणेल; उडणाऱ्याचा दुसरा पंख कोण मागतो? पुढचे तीन फोटो बाईंनी पुसून टाकले आणि हा डॉक्टरांकडे पाठवून दिला.

डॉक्टर दुसऱ्याच दिवशी दुकानात आले. दवाखाना बंद ठेवून आले. हनुवटी वर करायच्या स्टुलावर बसले आणि हातातला फोटो पुन्हा पुन्हा डोळ्यांजवळ नेत राहिले. मग म्हणाले, "बाई, मी तुमची दहा वर्षं थट्टा केली. मला माफ करा." बाईंना वाटलं होतं, या क्षणाला आपल्याला केवढं बरं वाटेल. या माणसाला कशी कशी ऐकवायची याची उजळणी त्यांनी शेकडो पहाटे केली होती. आता त्या नुसत्या उठल्या. म्हणाल्या, "चहा घेणार?"

पान बदललं. नुसतं पान नाही, काजळ्या मुखपृष्ठावर गेला. फोटोला डॉक्टरांनी स्वतः नाव दिलं, 'झेप'.

छोटू रोज पहाटे दाणे घेऊन तळ्यावर जात होता. संध्याकाळी दुकानात येऊन सांगायचा, "आहे. दिसला लांबून." कधी म्हणायचा, "आज जरा जवळ आला होता." मग एके संध्याकाळी आला आणि बराच वेळ उंबऱ्यातच चपला काढत राहिला.

"आज नाही दिसला," तो म्हणाला. "लव्हाळ्यात पिसं होती थोडी. पण ती कुणाचीही असतील."

बाई कुणाचे तरी फोटो कापत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "असतील," म्हणाल्या.

प्रकाशनाला सभागृह गच्च भरलं होतं. बाईंना पहिल्यांदाच व्यासपीठावर बसवलं होतं, आणि मागे भिंतीएवढा मोठा काजळ्या. छोटू इस्त्रीचा शर्ट घालून दुसऱ्या रांगेत. डॉक्टरांनी भाषणात सगळं कबूल केलं, अगदी हौदाच्या विनोदासकट, आणि लोकांनी त्यांच्या मोठ्या मनाला टाळ्या दिल्या. मग ते बाईंकडे वळले. "बाई, आम्हाला एकच सांगा. हा क्षण तर आम्ही पाहतोय. याच्या पुढच्या क्षणी काय झालं?"

बाईंच्या तोंडाशी खरं आलं होतं. एक शब्द बोलायचा अवकाश होता. त्यांनी दुसऱ्या रांगेकडे पाहिलं. छोटू गुडघ्यांवर हात ठेवून त्यांच्याकडे बघत होता.

"उडून गेला," बाई म्हणाल्या.

काय टाळ्या पडल्या! लोक उभे राहिले. डॉक्टर चष्मा काढून डोळे पुसत होते.

परत येताना दोघं छोटूच्या टेम्पोत होती. मागे रिकामे पिंजरे खडखडत होते. बाईंच्या मांडीवर पुस्तकाची प्रत होती, कागदात गुंडाळलेली. छोटूने रस्त्यावरून नजर न काढता बोलायला सुरुवात केली.

"ताई, मघाशी तू म्हणालीस ना, उडून गेला. मी विचार करत होतो. झालंही असेल तसं. म्हणजे, आपण निघून आल्यावर. माझा काप जरा वरवरचाच बसला होता. पंखात जोर असला तर जमत असेल एखाद्याला. नाही का?"

इतकी वर्षं बदकांचे पंख कापणारा माणूस हे बोलत होता. बाईंना कळत होतं, त्याला काय हवंय ते. एक 'हो' म्हणायचं होतं. सबंध सभागृहाला दिलं, ते याला द्यायला काय जात होतं? पण तोंडात अजून मघाचीच कडू चव होती, आणि सगळ्यांशी खोटं बोलून झाल्यावर हा एकच उरला होता ज्याच्याशी खरं बोलता येईल. आणि राग होता. तो काही कुठे गेला नव्हता.

"नाही छोटू," त्या म्हणाल्या. "तो मेला. तू कापलंस आणि मी नेऊन सोडला, म्हणून मेला."

छोटूने टेम्पो कडेला घेतला. स्टिअरिंगवर कपाळ टेकलं आणि हमसून हमसून रडायला लागला. त्याने एकही प्रश्न विचारला नाही, कशावरून म्हणाला नाही. ताई म्हणाली ते त्याने लगेच मानलं. तो नेहमीच मानत आला होता.